साठ की आठ? हेडसेट पारखताना कानही पारखा



रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतून आमच्याकडे एक विचारणा आली. मुलगा १९ वर्षांचा. बारावी झालेला, पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करणारा आणि रात्री मित्रांबरोबर मोबाइलवर गेम खेळणारा. मे महिन्यात मुंबईहून गावी आलेल्या मामाने त्याला गेमचा बिनतारी हेडसेट आणून दिला. काही दिवसांतच मुलाची तक्रार सुरू झाली की याचा आवाज दबका आहे, मित्रांचे बोलणे नीट कळत नाही. मग रत्नागिरीच्या बाजारातून दुसरा घेतला. त्याचीही तीच तक्रार. आता तिसरा, अडीच हजारांचा, हप्त्यावर घ्यायचे घाटत होते. त्याच्या आईने आम्हाला निरोप धाडला, "चांगला हेडसेट ओळखायचा कसा, ते एकदा तुमच्या पानावर लिहा. दर खेपेला पैसे पाण्यात जातात."

हा विषय आरोग्यपानाचा की दुकानदाराचा, यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. पण त्या घरी जाऊन आलो आणि वाद मिटला. तिथे काय आढळले ते पुढे सांगतोच. आधी त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर.

खोक्यावरचे आकडे

हेडसेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते त्यातले निम्मे आपल्या उपयोगाचे नसते. ४० मि.मी. किंवा ५० मि.मी. हा आत बसवलेल्या स्पीकरच्या पडद्याचा आकार. पडदा मोठा म्हणून आवाज स्वच्छ, असे नसते. २० ते २०,००० हर्ट्झ हा तरुण माणसाच्या कानाचा साधारण पल्ला आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापतात. त्या पल्ल्यात कोणता सूर किती उचलला आणि कोणता किती दाबला हे महत्त्वाचे असते, आणि तेच लिहिलेले नसते. '७.१ सराउंड' वाचून आत सात-आठ स्पीकर असतील असे वाटते. बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकेकच स्पीकर असतो. चहूबाजूंनी आवाज येतोय हा भास सॉफ्टवेअर तयार करते, आणि मोबाइलवर पुष्कळदा तेवढेही घडत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. 'एएनसी' म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानाला कमी करून देणारी सोय. 'ईएनसी' म्हणजे तुमच्या भोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा म्हणून माइकमध्ये केलेली सोय. स्वस्त हेडसेटवर बहुधा ईएनसी लिहिलेले असते आणि घेणारा समजतो की आता पंख्याचा आवाज कानात येणार नाही. तो येतोच.

खोक्यावर शोधायची गोष्ट लहान अक्षरांत असते. ती म्हणजे बीआयएसचे चिन्ह आणि त्याखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बिनतारी हेडफोनमध्ये बॅटरी असते आणि तो तासन्‌तास डोक्यावर असतो, म्हणून सरकारने ही नोंदणी सक्तीची केली आहे. 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचे आणि वस्तूचे नाव दिसते. नाव जुळले नाही तर ती वस्तू परत ठेवा, किंमत कितीही कमी असो.

बिनतारी लहरींनी मेंदूला काही होते का, हा प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. हेडसेटमधल्या ब्लूटूथची ताकद साधारण २.५ मिलिवॅट, म्हणजे कानाला लावलेल्या मोबाइलच्या मानाने फारच कमी. लहरींची धास्ती घेण्यापेक्षा आवाजाची घ्या.

कानाने करायची परीक्षा

दुकानात हेडसेट डोक्यावर घातल्याबरोबर दुकानदार धमधम करणारे गाणे पूर्ण आवाजात लावतो आणि विचारतो, "कसा वाटला?" मोठा आवाज कोणालाही दोन मिनिटे चांगलाच वाटतो. म्हणून परीक्षा आपल्या मोबाइलवर, आपल्या गाण्याने करायची, आणि आवाज निम्म्यावर ठेवून करायची.

गाणे असे निवडा जे घरात पाठ आहे. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्या आवाजातले एखादे भीमगीत लावा. त्यात ढोलकी आहे, पेटी आहे, कोरस आहे आणि या सगळ्यांवर चढून येणारा गायकाचा आवाज आहे. निम्म्या आवाजात शब्द न् शब्द कळतो का? ढोलकीची थाप आणि पेटीचा सूर वेगवेगळे उमटतात का, की सगळ्याची गरगट भाजी झाली आहे? मग गाणे बंद करून साधे बोलणे ऐका. १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची घेतलेली मुलाखत बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतेच. ते ध्वनिमुद्रण जुने आहे, त्यात थोडी खरखर आहे. कोणताही हेडसेट त्याला नवे करू शकत नाही, पण चांगल्या हेडसेटवर बाबासाहेबांचे बोलणे आवाज न वाढवता शेवटच्या शब्दापर्यंत कळते. ज्या हेडसेटवर त्यासाठी आवाज पाऊण करावा लागला, तो आपल्या कामाचा नाही.

हे आम्ही का सांगतो? गेमच्या हेडसेटमध्ये खर्जाचा, म्हणजे धमधमीचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो, म्हणजे स्फोट झाला की छाती हादरावी. पण खर्जाचा जोरकस आवाज त्याहून वरच्या सुरांना झाकून टाकतो. कानाची रचनाच तशी आहे. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने आणि गेममधली शत्रूची पावले हे वरच्या सुरांत असतात. खेळणाऱ्याला पावले ऐकायची असतात, म्हणून तो आवाज वाढवतो. पावले मंद असतात, बंदुकीचा बार मोठा. पावलांसाठी वाढवलेल्या आवाजात बार कानाजवळ फुटतो, आणि तोही एका रात्रीत शेकडो वेळा. २०२४ च्या जानेवारीत 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावरचा आढावा आला. ९ देशांतले १४ अभ्यास, मिळून ५३,८३३ माणसे. गेममधला आवाज पुष्कळदा कानाला सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा वर असतो, असे त्यात दिसले. त्यातल्या एका अभ्यासात गोळीबाराच्या गेममधले क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत मोजले गेले होते.

म्हणून हेडसेट घेतल्यावर पहिले काम हे, की मोबाइलमधला 'बास बूस्ट' बंद करायचा आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद किंवा अगदी कमी करायचे. पावले आपोआप वर येतात. मुलांना हा उपाय लगेच पटतो, कारण त्यात त्यांची जिंकण्याची सोय आहे.

हेडसेट कानावर बसतो कसा, हेही आवाजाइतकेच महत्त्वाचे. गादी कानाच्या पाळीवर टेकणारी नको, पूर्ण कान आत घेणारी हवी. घालून मान हलवा, खाली वाकून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला, कारण काडीमुळे पडलेल्या फटीतून बाहेरचा आवाज आत येतो. गादी नीट बसली की बाहेरचा गोंगाट आपसूक कमी होतो आणि आवाज वाढवायची गरज राहत नाही.

आपल्याकडच्या पावसाचा यात वेगळा विचार करावा लागतो. जुलैत पत्र्याच्या घरात सर कोसळायला लागली की हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. अशी वेळ आली की तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या घरात गेला असे समजतात. त्या आवाजावर मात करण्यासाठी हेडसेट जेवढा वाढवाल तो आणखी वरचा. एएनसी पंख्याची किंवा इंजिनाची एकसुरी घरघर बऱ्यापैकी कमी करते, पत्र्यावरचा तडतडाट तितकासा नाही. पावसाची जोरदार सर असेल त्या तासात खेळ बंद ठेवणे हाच खरा उपाय, आणि ती सर कायम राहत नाही. पावसाळ्यातच गाद्या ओलसर राहतात, त्यांना बुरशी येते, कान खाजतो, आतून वाहायला लागतो. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, साल निघायला लागलेल्या गाद्या बदला. त्या सुट्या मिळतात. एकाच्या कानाला संसर्ग असेल तर तो हेडसेट दुसऱ्याने घालू नये. आणि खाजतो म्हणून कानात तेल, लसणीचे तेल, काडी यांपैकी काहीही घालू नका.

माइक: बोललेले पोचते का?

हेडसेटचा आवाज आपल्याला ऐकू येतो, म्हणून त्याची परीक्षा होते. माइकची परीक्षा कोणी करत नाही, कारण तो समोरच्याला ऐकू येतो. मग "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करत मुलगा रात्री साडेअकराला ओरडत राहतो, शेजारची आजी उठून बसते, आणि सकाळी वाडीत भांडण.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. ब्लूटूथकडे आवाज नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक गाण्यासाठी, रुंद, पण एकाच दिशेने जाणारा. दुसरा फोनवरच्या बोलण्यासाठी, दोन्ही दिशांनी जाणारा, पण अरुंद. तुम्ही गाणे ऐकता तेव्हा पहिला चालू असतो. गेममध्ये मित्रांशी बोलायला माइक उघडला की मोबाइल पुष्कळदा दुसऱ्या मार्गावर जातो, आणि एका क्षणात कानातला आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. हेडसेट बिघडला असे वाटते. तो बिघडलेला नसतो. या अरुंद मार्गाच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते. नव्या प्रकारात १६,००० नमुने, म्हणजे ८,००० हर्ट्झच्या खालचे बऱ्यापैकी पोचते. मराठीतल्या 'स'चा बराचसा जीव ४,०००च्या वर असतो. जुन्या मार्गाने गेलेला 'साठ' समोर 'आठ' होऊन पोचू शकतो. 'सहा' आणि 'दहा', 'सात' आणि 'हात' यांचीही तीच गत.

यावरूनच माइकची सोपी परीक्षा करता येते. एका कागदावर दहा शब्द लिहा: साठ, आठ, सात, हात, सहा, दहा, फार, पार, शंभर, खांब. हेडसेट लावून दुसऱ्या घरातल्या कोणाला तरी फोन करा आणि क्रम बदलून हे शब्द नेहमीच्या आवाजात एकेकदा वाचा. पलीकडच्याने ऐकून लिहायचे, पुन्हा विचारायचे नाही. आधी शांत खोलीत, मग पंखा पूर्ण वेगाने लावून, मग शेजारी टीव्ही चालू ठेवून. शांततेत दहापैकी नऊ आणि पंख्यात आठ बरोबर आले तर माइक चांगला. पंख्यात चार-पाचवर आला, तर खोक्यावरच्या ईएनसीवर विश्वास ठेवू नका. काही हेडसेटमध्ये ईएनसी इतकी उतावीळ असते की गोंगाटाबरोबर शब्दाचे पहिले अक्षरही कापते, आणि हळू बोलले तर वाक्यच गिळते. म्हणून एकदा कुजबुजल्यासारखे बोलूनही बघा.

मोबाइलच्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज भरून ऐकायचा असेल तर एक काळजी घ्या. पुष्कळ मोबाइल हेडसेट लावलेला असतानाही स्वतःच्याच माइकने आवाज भरतात. भरताना हेडसेटच्या माइकवर नखाने हळूच खरवडा. ती खरखर ध्वनिमुद्रणात मोठी आली तर परीक्षा हेडसेटची झाली, नाही तर मोबाइलची. मग त्रिशरण-पंचशील म्हणा. ते म्हणताना 'प', 'भ', 'ब' पुष्कळ येतात. दर वेळी 'फफ्‌' असा वाऱ्याचा झोत ऐकू आला तर माइक तोंडासमोर आहे. दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे दूर, जरा बाजूला आणि हनुवटीकडे ठेवायचा. निम्मे माइक एवढ्यानेच सुधारतात.

आता ओरडण्याचे. दोन्ही कान झाकले की माणसाला स्वतःचा आवाज नीट येत नाही आणि गेमचा आवाज जेवढा मोठा तेवढे तो मोठ्याने बोलतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो हे एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ सालीच दाखवून दिले आहे. काही हेडसेटमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत देण्याची सोय असते, तिला 'साइडटोन' म्हणतात. दुकानात विचारून घ्या. आमच्या मते घरच्यांच्या झोपेसाठी आणि मुलाच्या घशासाठी ही सोय '७.१' पेक्षा कितीतरी मोलाची आहे. ज्यांचा आवाज अशा ओरडण्याने बसला आहे आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, त्यांनी घसा तपासून घ्यावा.

बिनतारीच हवा असेल तर ज्याच्याबरोबर चार्जिंगच्या खाचेत बसवायचा छोटासा तुकडा, म्हणजे डोंगल, येतो तो पाहा. त्यावर '२.४ गिगाहर्ट्झ' लिहिलेले असते. तो ब्लूटूथच्या त्या दोन मार्गांच्या कटकटीत सहसा पडत नाही. माइक उघडला तरी आवाज घसरत नाही आणि आवाज मागेही पडत नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पाव सेकंदापर्यंत उशिरा येऊ शकतो. हे व्हिडिओ लावून कळत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारी ॲप चित्रच थोडे थांबवून मेळ घालतात. गेम उघडून गोळी झाडा, बोट आणि आवाज यांत अंतर पडते का बघा. आणि आमचे स्पष्ट मत विचाराल तर, ज्या घरात हेडसेटसाठी हप्ता काढावा लागतो, त्या घराने वायरचा घ्यावा. निम्म्या पैशांत तितकाच स्वच्छ आवाज, माइक उघडल्यावर घसरण नाही, उशीर नाही, चार्जिंग नाही. वायर पायात येते, एवढाच तोटा.

त्या घरी काय आढळले

आम्ही त्या घरी गेलो ते हा दहा शब्दांचा कागद घेऊन. आम्ही पडवीत बसून फोनवरून शब्द वाचले, मुलाने आत बसून दुसरा हेडसेट लावून लिहिले. दहापैकी पाच बरोबर. 'साठ'चा 'आठ', 'सात'चा 'हात'. "बघा काका, मी सांगत होतो ना," तो म्हणाला. मग तोच हेडसेट, तोच फोन, तीच खोली, फक्त डोक्यावर त्याच्या नववीतल्या बहिणीच्या. तिने दहाही बरोबर लिहिले. पहिला, मामाने आणलेला हेडसेट काढला. बहिणीचे नऊ, त्याचे पाच. शेवटी हेडसेट बाजूला ठेवून आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून, हळू आवाजात तेच शब्द म्हटले. त्याचे सहा आले. त्याची आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

वाईट माइक जी अक्षरे खातो, तीच अक्षरे आवाजाने दुखावलेला कानही आधी खातो. कानाच्या आतल्या शंखात साधारण १५-१६ हजार अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. जन्माच्या वेळी असतात तेवढ्याच, मेलेल्या पुन्हा येत नाहीत. सततच्या मोठ्या आवाजाने आधी ज्या पेशी थकतात आणि मग मरतात, त्या ३,००० ते ६,००० हर्ट्झचे सूर ऐकणाऱ्या. म्हणजे 'स', 'फ', 'श' यांच्या. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. तो म्हणतो लोक पुटपुटतात, हेडसेट दबका आहे, टीव्ही खराब आहे. बहिरेपणा आला असे त्याला वाटतच नाही, कारण गाडीचा हॉर्न, ढोल, कुत्र्याचे भुंकणे सगळे पूर्वीसारखेच असते. मग तो आवाज वाढवतो, आणि वाढवलेला आवाज उरलेल्या पेशी मारतो.

किती आवाज किती वेळ चालतो याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला फक्त ४ तास, १०० ला आठवड्यात जेमतेम २० मिनिटे. मुलांसाठी याहून कडक, ७५ डेसिबलला ४० तास. ज्या खोक्यावर 'मुलांसाठी, ८५ डेसिबल मर्यादा' असे लिहिलेले असते, तोही या हिशेबाने मुलाला आठवड्यात चारच तास चालतो. मोबाइलमध्ये डेसिबल दिसत नसतील तर आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या वर न्यायची नाही. आमचा मुलगा रोज रात्री तीन-चार तास, पट्टी शेवटच्या टोकाला, असे सात-आठ महिने खेळत होता. आधी साध्या इयरफोनवर, मग या दोन हेडसेटवर.

आणखी एक गोष्ट त्याने नंतर सांगितली. १४ एप्रिलला मिरवणुकीत तो डीजेच्या भिंतीला लागून चार तास नाचला होता. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत होती, दोन दिवसांनी थांबली, म्हणून तो विसरला. जयंतीच्या डीजेबद्दल लिहिले की आमच्यावर नाराजी येते, हे माहीत आहे. तरी लिहितो. मोठ्या आवाजानंतर कान काही तास ते दोन दिवस बधिर होतो, मग बरा झाल्यासारखा वाटतो, पण दर वेळी सगळाच बरा होत नाही. अशा बधिर कानाने दुसऱ्या दिवशी हेडसेट घ्यायला गेलात तर सगळे हेडसेट दबकेच वाटतील.

आता भरतीचे. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला पाठमोरा उभा करून ठरावीक अंतरावरून कुजबुजलेले शब्द प्रत्येक कानाने ऐकू येतात का ते पाहतात. कोकणातल्या आपल्या घराण्यांना सैन्याची वाट नवी नाही. याच जिल्ह्यातल्या आंबडव्याच्या सुभेदार रामजींपासून, १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटपर्यंत आणि आजच्या पोरांपर्यंत ती चालत आली आहे. धावणे, उंची, छाती यांची तयारी दोन-दोन वर्षे करायची आणि कुजबुज ऐकू आली नाही म्हणून घरी परतायचे, ही शक्यता त्या पडवीत पहिल्यांदा कोणाच्या तरी मनात आली. मुलाने हेडसेट मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याची वायर नसलेली बाजू बोटांनी चाचपत बसला.

कान कुठे तपासायचा? शासकीय जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. आधी कानात मळ किंवा संसर्ग आहे का ते पाहतात. पुष्कळदा मळानेच ऐकू कमी आलेले असते आणि तो काढला की काम होते. मग बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या सुरांचे बारीक आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. ही तपासणी दुखत नाही. मोठ्या आवाजाने झालेले नुकसान असेल तर आलेखात ४,००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. पथक आले की मुलाला कमी ऐकू येते हे पालकांनी स्वतःहून सांगावे, लाजू नये. आणि एखाद्याला अचानक, एका दिवसात, एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर सर्दीने दडा बसला असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची आशा असते, पंधरा दिवसांनी फारशी नसते.

त्या मुलाच्या आलेखात दोन्ही कानांना ४,००० जवळ खड्डा निघाला. उजवीकडे थोडा, डावीकडे जास्त. डॉक्टरांनी तीन महिने हेडसेट आणि डीजे पूर्ण बंद करून पुन्हा तपासायला सांगितले आहे, कारण यातला किती भाग तात्पुरता आणि किती कायमचा हे त्यानंतरच कळेल. औषध काही दिले नाही. यावर औषध नाही असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्याकडे हे लिहायला त्या घराची संमती आहे, नाव न देण्याच्या अटीवर.

तिसरा हेडसेट घेतलेला नाही. मामाने आणलेल्या पहिल्याच्या गाद्या बदलल्या आणि तो आता बहीण शिकवणीसाठी वापरते, पट्टी निम्म्यावर ठेवून. मुलगा पहाटे धावायला जातोच. दहा शब्दांचा तो कागद आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला आहे. दर रविवारी ती स्वयंपाकघरातून, पाठ करून, हळू आवाजात शब्द म्हणते आणि तो पडवीत बसून लिहितो. मागच्या रविवारी सात आले.